झांस्करमधील कोशकार

ज्या भाषेचा चांगला शब्दकोश नाही, ती भाषा परक्या माणसाने शिकावी कशी? अलेक्झांडर चोमा या हंगेरियन विद्वानाने एकच मार्ग धरला. ती भाषा बोलणाऱ्या लोकांत तो जाऊन राहिला.

चोमाचा जन्म १७८४ साली ट्रान्सिल्वानियातील कोरोश या खेड्यात झाला. हंगेरियन लोकांचे भाईबंद मध्य आशियात अजून असतील, अशी त्याची समजूत होती. त्यांच्या शोधार्थ १८१९ साली तो निघाला आणि बरीचशी वाट पायी तुडवीत १८२२ मध्ये लडाखात आला. पुढे यारकंदला जाणे साधेना. परतताना मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी त्याला भेटला. त्याने तिबेटी भाषेचा अभ्यास सुचविला.

१८२३ च्या जूनमध्ये चोमा लडाखच्या झांस्कर खोऱ्यातील झांगला गावी पोहोचला. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील या खोऱ्यातील लोक बौद्ध असून त्यांची बोली तिबेटी वळणाची आहे. तेथील विद्वान लामा सांगे फुंत्सोग हे चोमाचे गुरू झाले. गुरू, शिष्य व एक नोकर नऊ फूट लांबरुंद खोलीत राहत. झाडे विरळ, मग जळण कोठले? खोलीत शेकोटी नव्हती, अंधार पडल्यावर दिवा नव्हता, आणि निजायला उघडी जमीन! मेंढीच्या कातड्याचा अंगरखा घालून, हात आत दडवून चोमा दिवसभर वाचीत बसे. पान उलटण्यासाठी हात बाहेर काढणे हेदेखील तेथे धैर्याचे काम होते. तरीही त्याने सुमारे चाळीस हजार तिबेटी शब्द जमविले.

हा खटाटोप भारताच्याही उपयोगी पडला. भारतात लुप्त झालेले अनेक संस्कृत बौद्ध ग्रंथ तिबेटी भाषांतरांत टिकून आहेत. ते वाचण्याची वाट चोमाने मोकळी केली.

१८२७ पासून तीन वर्षे तो किन्नौरमधील कानम येथे कोशाचे काम करीत होता. कंपनी सरकार त्याला दरमहा पन्नास रुपये देई; त्यांतले निम्मे तो लामांना देई. १८३४ मध्ये कलकत्त्यास त्याचा कोश व व्याकरण प्रसिद्ध झाले. कोशाच्या मुखपृष्ठावर त्याने आपल्या नावाच्या आधी सांगे फुंत्सोग यांच्या साहाय्याचा उल्लेख केला आहे. किती परदेशी पंडितांनी आपल्या गुरूंना असा मान दिला असेल?

भाईबंदांचा शोध मात्र त्याने सोडला नव्हता. १८४२ मध्ये तो ल्हासाकडे निघाला. वाटेत तराईत त्याला हिवतापाने गाठले आणि ११ एप्रिल रोजी दार्जिलिंग येथे त्याचा अंत झाला.