दळणे की भरडणे?

ब्रिटनमध्ये घरी बीअर करण्यास १८८० च्या कायद्यान्वये लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला आणि तेथील गृहस्थ हा उद्योग मोकळेपणी करू लागले. त्यांच्या कृती मराठीत आणताना ‘मिल’ या क्रियापदास ‘दळणे’ हा प्रतिशब्द योजण्याचा मोह होतो; तो टाळावा. मोड आणून वाळविलेले सातू दळावयाचे नसतात, भरडावयाचे असतात. दोन रुळांतील फट सुमारे १ मिलिमीटर ठेवली की दाणा फुटतो, टरफल मात्र बहुतांशी अखंड राहते. हा भरडा सुमारे ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरतो. दाण्यातील विकरे पिष्टाची शर्करा करतात, आणि तो गोड रस त्या टरफलांच्याच थरातून गाळला जातो. पीठ केल्यास त्याची खळ होऊन गाळणे खुंटते. (कांडणे, सडणे, भरडणे, दळणे असा सूक्ष्म भेद करणाऱ्या भाषेने येथे इंग्रजीमागे फरफटत जावे, हे नवलच!) पुढे हॉपची फुले घालून रस तासभर उकळतात व निववून त्यात किण्व सोडतात. बीअरचा फिकट रंग भरडण्यातून येत नाही. मोडाचे धान्य मंद आचेवर वाळविल्याने तो साधतो.