मे महिन्यातलं तोरणमाळ

सातपायरीच्या घाटातलं शेवटचं वळण संपतं आणि खिडकीतून येणारी झळ एकाएकी सौम्य होते. शहाद्यात दुपारी गाडीच्या सीटला हात लावता येत नव्हता. इथे वाऱ्याला किंचित ओल आहे. मागच्या बाकावरून आवाज येतो, "आप्पा, ए.सी. लागना ना!" सगळी गाडी हसते.

आमच्या गिर्यारोहण मंडळाचं उन्हाळी शिबिर यंदा यशवंत तलावाच्या काठी आहे. मंडळी जळगाव, धुळे, अमळनेरची. कळसूबाई, हरिश्चंद्रगड सगळ्यांचे झालेत, पण निम्म्याहून अधिक जण तोरणमाळला पहिल्यांदाच येताहेत. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हे ठिकाण धुळे जिल्ह्यातच होतं. सुट्टी लागली की खान्देशी माणूस नाशिककडे तोंड करतो, आपल्या सातपुड्याकडे नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तळं समोर येतं तेव्हा बोलणं थांबतं. पाणी काठापासून बरंच मागे सरलंय, उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा गेल्यात, पण मधोमध अजून भरपूर पाणी आहे आणि त्यावर वाऱ्याच्या बारीक लाटा उठताहेत. पलीकडे म्हशी मानेपर्यंत बुडून बसल्यात. वनखात्याची परवानगी घेतलेल्या मोकळ्या जागेत तंबू उभे राहू लागतात. एक पोरगा काटक्या गोळा करायला निघतो, तर आमच्या मंडळातले आप्पा त्याला तिथेच थांबवतात. "शेकोटी नाही. गॅसवरच शिजेल." वाद घालायची सोय नाही. सागाची पानं गळून पायाखाली कुरकुरताहेत. सातपुड्यात मे महिन्यात एक ठिणगी अख्खी टेकडी घेऊन जाते.

चार वाजता आम्ही फिरायला निघतो. पायवाटेलगतच्या घरापाशी काळ्या कातळावर कैरीच्या फोडी वाळत घातल्यात, अंगणभर, अंगण संपलं तिथून पुढे खडकभर. आमचूर. धडगाव-अक्राणीच्या डोंगरातल्या कितीतरी घरांना या दिवसांत यातूनच रोख पैसा मिळतो. एक पावरा मावशी आणि तिच्या दोन मुली देशी कैऱ्या सोलताहेत. साल एका सपाट्यात निघते, मग कोय सोडून फोड. मावशीच्या बोटांची कातडी चिकानं काळवंडलीय, नखांच्या कडा फाटल्यात. फोड मात्र पांढरीस्वच्छ ठेवायची. "काळी पडली का व्यापारी हात नाय लावत," ती म्हणते आणि बोलता बोलता पश्चिमेकडे बघते.

तिकडे ढग चढतोय. आम्ही तंबूंच्या काळजीनं वळणार, तोच ती पदर खोचून खडकाकडे धावते. मग सांगावं लागत नाही. आमचं सगळं मंडळ गुडघ्यांवर बसून फोडी गोळा करायला लागतं. तापलेला कातळ तळहाताला चटके देतो. अर्धवट वाळलेली फोड हाताला चामड्यासारखी लागते. ताजी फोड निसटते. पोती भरतात, कोणी आपल्या झोपायच्या चादरी आणून अंथरतं. पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा कोपऱ्यातल्या थोड्या फोडी राहून गेल्यात. वळीव पाचच मिनिटं येतो. तो जाताच मावशी भिजलेल्या फोडी बाजूला काढते, एकेक उजेडाकडे धरून पाहते. एवढे सगळे दिवस सोलायचं, वाळवायचं, आणि भाव ठरणार तो या पाच मिनिटांवर. बाजारात आमचुराची पुडी घेताना हे कधी डोक्यातही येत नाही.

रात्री खिचडी होते, घरून आणलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा सोबतीला. नऊनंतर वारा सुटतो आणि आमचूर झाकायला दिलेल्या चादरींची आठवण येते. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी हवा उतरते. घरी आज माणसं गच्चीवर पाणी मारून झोपली असतील. इथे आमची पोरं एकमेकांच्या अंगावरचं पांघरूण ओढताहेत.

पहाटे सीताखाईच्या दरीकडे जातो. पावसाळ्यात इथे धबधबा कोसळतो, आता नुसता कोरडा कडा. उजाडल्यावर एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर लहानसं घुबड दिसतं. दुर्बिणीतून पाहणारी मुलगी हळूच सांगते, "डोक्यावर ठिपके नाहीत." आप्पा दुर्बीण घेतात आणि बराच वेळ परत देत नाहीत. रानपिंगळा! १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीनं दिसला नव्हता. १९१४ चा म्हणून दाखवलेला एक नमुना संग्रहालयातून चोरून, खोटी नोंद लावलेला निघाला. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो सापडला, तो शहाद्याजवळ, याच सातपुड्याच्या पायथ्याला. तोरणमाळच्या जंगलातही पुढे तो आढळला. जगातून गेला असं वाटलेला जीव आपल्याच खान्देशात बसून होता. आप्पा वहीत नोंद करतात, पण पुढे प्रश्नचिन्ह घालतात. फोटो धूसर आलाय.

खाली उतरायच्या आधी आम्ही मावशीकडून आमचूर घेतो. ती सांगते त्या भावानं, घासाघीस न करता.

शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर आहे. खान्देशातल्या मंडळांनो, पुढच्या मे महिन्यात इथे या. पांघरूण आणा, काडेपेटी गाडीतच ठेवा, कचरा परत न्या, आणि आभाळ भरून आलं तर तंबू सोडून आधी शेजारच्या खडकाकडे धावा.