लिलावातली जुनी मशीन घेताय? बोली लावण्याआधी हे वाचा

आपल्या समाजात लेथ, मिलिंग, वेल्डिंग आणि पॉवर प्रेसवर घर चालवणारी कुटुंबं खूप आहेत. मुलगा दहा-बारा वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, हात बसतो, आणि मग घरात विषय निघतो: आता आपलंच काहीतरी सुरू करू. नवी मशीन परवडत नाही. व्याजाचं कर्ज नको, असं अनेक घरांत ठरलेलं असतं. मग अब्बांची शिल्लक, आपाचं सोनं, मामूंकडून थोडे असं करत पैसे उभे राहतात आणि नजर जाते ती लिलावाकडे.

आम्ही दोघा भावांनीही असंच केलं. पहिल्या लिलावात आम्हाला चांगला धडा मिळाला. त्यानंतरच्या खरेद्या बऱ्या झाल्या, पण त्या पहिल्या धड्याची किंमत अम्मीच्या बांगड्यांनी भरली. तो खर्च दुसऱ्या कुणाच्या घरावर पडू नये, म्हणून जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

मशिनी लिलावात येतात कुठून?

पहिला मार्ग बँकेचा. कर्ज थकलं की 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक तारण ठेवलेला माल ताब्यात घेऊन विकते. दुसरा मार्ग दिवाळखोरीचा. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी अवसायनात गेली की लिक्विडेटर तिची मालमत्ता विकतो. तिसरा मार्ग सरकारी. सरकारी कंपन्या आणि खाती आपली जुनी यंत्रसामग्री एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून काढतात. चौथा मार्ग खासगी कारखान्यांचा. नवी मशीन आली की ते जुनी टेंडर मागवून विकतात. आमच्या मते छोट्या माणसासाठी हा चौथा मार्ग सर्वांत बरा, कारण तिथे मशीन बहुधा कालपर्यंत चालू असते आणि तिच्यावर काम करणारा ऑपरेटर भेटू शकतो.

बंद पडलेल्या कारखान्यातली गोष्ट वेगळी. तिथे वीज कापलेली असते, मशीन महिनोन्महिने धूळ खात असते, आणि तिचा स्वभाव सांगणारा कामगार कधीच निघून गेलेला असतो.

‘जसं आहे, जिथं आहे’

लिलावाच्या जवळजवळ प्रत्येक नोटिशीत हे शब्द असतात. अर्थ सरळ आहे: माल ज्या अवस्थेत, ज्या जागी आहे, तसाच घ्यायचा. गॅरंटी नाही, ट्रायल नाही, नंतरची तक्रार नाही. उचलण्याचा खर्चही आपलाच.

आमचं नेमकं इथेच फसलं. पाहणीच्या दिवशी लेथला थ्री-जॉ चक होता, मोटर होती, चेंज गिअर्सचा डबा बाजूला ठेवलेला होता. पैसे भरून तीन आठवड्यांनी क्रेन घेऊन गेलो, तर मोटर नाही, चक नाही, डबाही नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी अटींच्या कागदावर बोट ठेवलं. आमच्याकडे पाहणीच्या दिवसाचा एकही फोटो नव्हता, मग भांडणार कशाच्या जोरावर?

तेव्हापासून आमचा नियम आहे. पाहणीला गेलो की लॉट नंबर, मशीनची नेमप्लेट, सिरीयल नंबर, मोटर, चक, टेलस्टॉक, पॅनल या सगळ्याचे फोटो आणि सलग व्हिडिओ काढायचे. बोली आपल्या नावावर सुटली की त्याच दिवशी सुट्या भागांची यादी ईमेलने पाठवायची. यामुळे हक्क सिद्ध होईलच असं नाही, पण माल राखणारा माणूस सावध होतो.

पाहणीला काय न्यायचं, काय बघायचं?

बॅटरी, मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, एक लांब पाइप, पाने, चिंध्या आणि थोडं डिझेल. शक्य असेल तर एखादा जुना फिटर सोबत न्या. त्याला दिवसाची मजुरी द्या, ती वाया जात नाही.

लेथमध्ये सगळ्यात आधी बेड बघा. कॅरेज बहुतेक वेळ चकजवळच फिरते, त्यामुळे बेडची झीजही तिथेच होते. सोपी परीक्षा अशी: कॅरेज चकजवळ आणा, तिची गिब किंचित आवळा, म्हणजे ती घट्ट सरकेल. आता तिला टेलस्टॉककडे न्या. तिकडे जाता जाता ती अडकायला लागली, तर समजा की चकजवळचा बेड खाल्लेला आहे. बेड ग्राइंड करणं किंवा स्क्रेपिंग करणं हे शेकड्यातलं काम नाही, त्याचा भाव आधी विचारून ठेवा.

मग स्पिंडल. डायल लावून हाताने फिरवा, चकमध्ये पाइप धरून वर-खाली उचलून बघा. सुई हलली तर बेअरिंगला खेळ आहे. क्रॉस स्लाइडचं हँडल मागे-पुढे करून बॅकलॅश बघा. वीज असेल तर प्रत्येक गिअर टाकून ऐका. वीज नसेल तर हाताने फिरवून प्रत्येक गिअर पडतो का ते बघा. ताज्या रंगाला भुलू नका. खालची झीज रंगाने भरून येत नाही.

जुनी एचएमटी, किर्लोस्करची लेथ किंवा बीएफडब्ल्यूची मिलिंग असेल तर एक फायदा असतो: या मशिनी आपल्याकडे इतक्या चालल्या की त्यांचे सुटे भाग आणि त्या ओळखणारे मिस्त्री अजून सापडतात. अनोळखी परदेशी मशीन स्वस्तात सुटते, पण एक गिअर तुटला तर तो बनवून घ्यावा लागतो.

सीएनसीचं गणित आणखी वेगळं. कित्येक जुन्या कंट्रोलरमध्ये मशीनचे पॅरामीटर बॅटरीच्या जोरावर टिकतात. मशीन वर्षभर बंद राहिली, बॅटरी उतरली, की पॅरामीटर पुसले जातात. बॅकअप नसेल तर ती मशीन म्हणजे काही टन लोखंड. म्हणून पहिला प्रश्न हाच: स्क्रीन सुरू होते का, आणि पॅरामीटरची प्रत कुणाकडे आहे का? दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर पहिल्या खरेदीसाठी सीएनसीच्या वाटेला जाऊ नका.

बोली घरी ठरवा, स्क्रीनसमोर नाही

समजा तुमची बोली 3,00,000 रुपयांवर सुटली. बहुतेक मशिनरीवर जीएसटी 18 टक्के, म्हणजे 54,000. क्रेन आणि चढाई-उतराई 25,000, ट्रक 20,000, बेअरिंग, मोटर आणि दुरुस्ती 60,000, फाउंडेशन आणि वायरिंग 20,000. एकूण झाले 4,79,000 रुपये. आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशोबाची रीत हीच.

आता तसलीच लेथ बाजारातला जुन्या मशिनींचा व्यापारी चालवून दाखवून, सगळं धरून 4,50,000 ला देत असेल, तर लिलावात तुम्ही 29,000 गमावले. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि 54,000 चं क्रेडिट मिळत असेल, तर लिलावाचा खर्च 4,25,000 वर येतो आणि गणित उलटतं. मात्र कंपोझिशन योजनेत असलेल्यांना हे क्रेडिट मिळत नाही. व्यापाऱ्याच्या किमतीतही क्रेडिट मिळणारा जीएसटी आहे का, हे विचारून मगच तुलना करा. काही लिलावदार खरेदीदाराकडून वेगळं कमिशन घेतात, आणि माल भंगार म्हणून विकला असेल तर टीसीएसही लागू शकतो. अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

म्हणून उलटा हिशोब करा. चालू मशीनची बाजारातली किंमत धरा, त्यातून सगळे खर्च वजा करा, जे उरेल ती तुमची शेवटची बोली. तो आकडा कागदावर लिहून घरातल्या मोठ्या माणसाकडे द्या. अनेक ई-लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, आणि पाच-पाच हजार करत माणूस कधी वाहवत जातो ते कळत नाही. आमच्याकडे तो कागद आता आपाकडे असतो. ती ‘बस’ म्हणाली की बस.

अनामत रक्कम भरताना

बोलीआधी अनामत म्हणजे ईएमडी भरावी लागते. बोली जिंकून मुदतीत बाकी पैसे भरले नाहीत तर ती सहसा जप्त होते. पैसे हाताशी असतील तरच उतरा, ‘नंतर बघू’ चालत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिलावाच्या लिंकवर एक रुपयाही टाकू नका. मूळ विक्री नोटीस शोधा, बँकेच्या शाखेत स्वतः जा, आणि नोटिशीत छापलेल्या खात्यातच पैसे भरा.

मशिनीसोबत गाळाही घेत असाल तर वीजबिलाची थकबाकी आधी तपासा. जुन्या मालकाची वीज थकबाकी ‘जसं आहे, जिथं आहे’ तत्त्वावर जागा घेणाऱ्याकडून, नियमांच्या चौकटीत, वसूल होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

उचलताना घाई नको

ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही तर जागेचं भाडं लागतं, म्हणून लोक घाई करतात आणि नुकसान तिथेच होतं. लेथ उचलताना पट्टा लीड स्क्रूवर दाबला गेला तर तो वाकतो. पॉवर प्रेसचा भार वरच्या बाजूला असतो, ती कलंडते. हायड्रावाला मशिनी हलवणारा आहे का, हे विचारून घ्या. ई-वे बिल, इनव्हॉइस आणि डिलिव्हरी ऑर्डर ट्रकसोबत हवीत. वर्कशॉपमध्ये आणल्यावर लेव्हल करूनच चालवा. लेव्हल न केलेली लेथ चांगली असूनही टेपर काढते आणि आपण उगाच मशीनला दोष देतो. थ्री-फेजचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे महावितरणकडे आधीच विचारलेलं बरं.

शेवटी घरातली गोष्ट

पैसे चार जणांचे असतील तर कुणाचे किती, मशीन कुणाच्या नावावर, नफा-नुकसान कसं वाटायचं, एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर काय, हे सगळं आधी लिहून काढा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही, पण नात्यात बोलायला आपण लाजतो. मशीन बिघडली तर मिस्त्री दुरुस्त करतो. भावाभावांत बिघडलं तर ते कोण दुरुस्त करणार?

आमची ती पहिली लेथ अजून आहे. नवी मोटर, नवा चक, बेडचं काम असं करत ती आम्हाला चांगल्या मशीनपेक्षा महाग पडली. पण आता तिच्यावर धाकटा भाचा हात बसवतोय. त्याच्या पहिल्या लिलावाला तो डायल गेज आणि हिशोबाचा कागद घेऊनच जाईल, इन्शाअल्लाह.