धरणाचे पाणी, ईदचा माल आणि रंगाऱ्याचा दर

मावळातल्या पवना धरणाची पातळी किती उतरली, ही बातमी आपले कापडवाले सहसा वाचत नाहीत. आम्हीही वाचत नव्हतो. २०१९ च्या ईदने वाचायला लावले.

त्या वर्षी ईद ५ जूनला होती. म्हणजे माल रंगायला टाकायचा तो एप्रिल-मेमध्ये. आमच्या रंगाऱ्याने टँकरचे पैसे वेगळे मागितले. बोली झालेला दर तोच, असे सांगून आम्ही नकार दिला. त्याने धुलाईत काटकसर केली. पक्का रंगसुद्धा वरचा सुटा रंग निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. तो राहिला आणि गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात उतरला. माल परत आला. दोष एकट्या रंगाऱ्याचा नव्हता, हे कबूल करायला आम्हाला वेळ लागला.

पंजाबकडच्या भाक्रा धरणामागे हिमालय उभा आहे. थंडीतला बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि सतलजचे पाणी पावसाळ्याआधीच वाढू लागते. आपल्या सह्याद्रीवर बर्फ नाही. चार महिने जे पडेल, त्यावर बारा महिने काढायचे. पवनेचा साठा सुमारे साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे अंदाजे २,८३० कोटी लिटर. पाऊस चांगला झाला तर ऑगस्टमध्ये धरण भरते, पुढे उतार लागतो आणि मे महिन्यात सर्वांत ओढ. चाकणच्या बाजूच्या भामा आसखेडचा हिसाबही असाच, आणि २०२१ पासून त्यातून पुणे शहरालाही पाणी जाते.

पण भरले धरण म्हणजे भरला नळ नव्हे. २०१९ च्या पावसात पवना भरले, तरी नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झाले. धरणातले पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उचलतात. थेट बंद जलवाहिनीच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबारात तिघांचे जीव गेले. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. मग रंगाऱ्याच्या हौदातले पाणी फुकट कसे धरायचे?

धरणाचे वर्ष पावसावर चालते, आपला सीझन चांदावर. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. २०२५ ची ईद ३१ मार्चला झाली. २०३० मध्ये रमजान जानेवारीत लागेल आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा एकदा. म्हणजे ईदचा माल आता पाणी असतानाच रंगवता येतो. आम्ही कोरे कापड नोव्हेंबरातच रंगायला टाकतो. भांडवल चार महिने अडकते, हे खरे. लहान दुकानदाराला ते झेपत नाही. त्यांनी दोघे-तिघे मिळून एक घाणा टाकावा.

बकरी ईद मात्र २०२५ मध्ये ७ जूनला होती. तिचा माल अजून काही वर्षे उन्हाळ्यातच रंगेल. त्याचा दर टँकर धरून आधीच बोलावा आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावा.