बाळाची पहिली शी

बाळ-बाळंतीण प्रसूतिगृहातून घरी निघाली की बाळाचं वजन, लस, कावीळ, दूध नीट ओढतंय ना, याची विचारपूस होते. घरी सोडतानाच्या कागदावर आणखी एक नोंद सक्तीची हवी : बाळाने पहिली काळी शी कधी केली? पूर्ण दिवसांची दहांपैकी नऊहून अधिक बाळं ती काळपट-हिरवी, चिकट शी २४ तासांत करतात, ४८ तासांत जवळजवळ सगळीच. तोवर झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर वाट पाहू नये. कारणं अनेक असतात. त्यातलं एक म्हणजे हर्शस्प्रंगचा आजार.

गर्भ पाच ते बारा आठवड्यांचा असताना आतड्याला हालचाल देणाऱ्या चेतापेशी वरून खाली सरकत गुदद्वारापर्यंत पोचतात. त्या मध्येच थांबल्या तर खालचा भाग कायम आवळलेला राहतो. मळ त्याच्या वर तुंबतो आणि फुगतं ते वरचं निरोगी आतडं. इथेच वैद्यकशास्त्र फार काळ चकलं. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये अशा दोन बाळांची हकीकत मांडली, तेव्हा दोष फुगलेल्या भागातच आहे असं त्यांना वाटलं. खरा दोष खालच्या, दिसायला साध्या भागात आहे हे धरून तो भाग काढायचा आणि निरोगी आतडं खाली ओढून जोडायचं, ही शस्त्रक्रिया ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. आजची ‘पुल-थ्रू’ तिचीच लेक. निदानाचा शेवटचा शब्द मात्र बायॉप्सीचा, म्हणजे आतड्याच्या छोट्या तुकड्याच्या तपासणीचा.

साधारण ५,००० जन्मांत एक बाळ असं असतं, मुलगे जास्त. काही घरांत जनुकीय कारण सापडतं. आईने गरोदरपणात काय खाल्लं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे सासरच्यांनी एकदा नीट ऐकून घ्यावं.

घरी काय होतं? बेंबीभोवती हिंग, बाळगुटीचं चाटण, एरंडेल, साबणाची कांडी. कांडीने कधी शी होतेही आणि दवाखाना लांबणीवर पडतो. दवाखान्यात डॉक्टरांनी गुदद्वार तपासून बोट काढताच वारा आणि पातळ शी जोराने बाहेर येते, पोट उतरतं, ‘मोकळं झालं’ म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण हीच तर या आजाराची खूण. महिन्याभरानंतर निव्वळ आईच्या दुधावरचं, खेळकर बाळ चार-पाच दिवस शी करत नाही, ती गोष्ट वेगळी. त्यात घाबरण्यासारखं सहसा नसतं.

बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो पालघरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. त्याच्या यादीत नऊ जन्मजात दोष आहेत : फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयदोष वगैरे. डोळ्यांना न दिसणारा हा दोष त्यात नाही. म्हणून प्रसूतिगृहातल्या परिचारिकेची आणि घरी येणाऱ्या आशाताईंची नजर इथे मोलाची. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर या ठाणे जिल्ह्यातल्या, आपल्या दारच्या जागा. पुढे पुष्कळांना १९२९ पासूनचं परळचं वाडिया, शीव किंवा केईएम गाठावं लागतं. पोटावर स्टोमाची, म्हणजे शी बाहेर यायला काढलेल्या वाटेची, पिशवी असलेलं तान्हं घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणं काय असतं, ते त्या आयांनाच ठाऊक.

शस्त्रक्रियेपर्यंत आतडं धुवायला आईला शिकवतात : मऊ नळी, हलका हात, आणि आत सोडायचं ते सलाईनच. साधं पाणी आतड्यातून रक्तात शोषलं जातं आणि शरीरातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरतं, म्हणून ते वर्ज्य.

शस्त्रक्रियेने बहुतेक मुलं चांगली वाढतात, पण काहींना बद्धकोष्ठ राहतं, काहींची चड्डी नकळत खराब होते. ताप, फुगलेलं पोट आणि दुर्गंधीयुक्त पातळ शी एकत्र दिसली तर ते साधे जुलाब समजून घरी थांबू नये. आतड्याला आलेली ती सूज जिवावर बेतू शकते, त्याच रात्री रुग्णालय गाठावं. आणि शाळेत या मुलांना, तासाच्या मध्येही, न विचारता शौचालयात जायची मुभा असावी. मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी, दप्तरात एक जादा चड्डी आणि वर्गशिक्षिकेशी पाच मिनिटं बोलणं, एवढी तयारी जूनमध्येच करून ठेवावी.