जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

व्यापारी बंधूंनो, पंचवटीतील आपल्या कापड दुकानातला संगणक मंदावला म्हणजे तो निकामी झाला असे नव्हे. बहुधा दोष दोनच : पंख्यात अडकलेले कापडाचे तंतू आणि जुनी हार्ड डिस्क.

प्रथम उधारी-जमेच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवा. वीज काढून, पंखा बोटाने धरून ब्रशने साफ करा. डिस्कच्या जागी साटा एसएसडी बसवा. रॅम ८ जीबी करा. मात्र डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ चालत नसेल, तर हिशेबाचे यंत्र इंटरनेटला जोडू नका; जीएसटीचे विवरण दुसऱ्या यंत्रावरून भरा.

काढलेली डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. पुसलेल्या फायलीही परत काढता येतात, आणि गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे.