डोक्यात पटलंय, मनात कधी उतरणार?

नोकरी चांगली आहे. घरचे खूश आहेत. वीकेंडला दंगा करायला ग्रुप आहे. तरी रविवारी रात्री अंथरुणावर पडलं की आत काहीतरी टोचत राहतं. मग कुणी मेडिटेशनचा कोर्स लावतं, कुणी मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग गाठतं, कुणी माहीमच्या चर्चमध्ये बुधवारचा नोव्हेना धरतं. एवढं करूनही मन शांत झालं नाही की वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

जरा थांबा. याच चक्रातून गेलेलं एक नाव आपण शाळेत पाठ केलंय. पंडिता रमाबाई!

पुस्तकातल्या रमाबाई आपल्याला माहीत असतात. शारदा सदन, मुक्ती मिशन, दोन मार्कांचा प्रश्न. पण या बाईंच्या आत किती वर्षं घालमेल चालू होती, हे कुणी सांगत नाही.

तीर्थं झाली, पदव्या झाल्या

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचं बालपण एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्याकडे पायी जाण्यात गेलं. व्रतं, उपवास, दानधर्म, पुराणं सांगणं... सगळं मनापासून. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भावाबरोबर चालत चालत त्या १८७८ मध्ये कोलकात्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. नाव झालं, पण लहानपणीची श्रद्धा सुटत गेली होती. १८८० मध्ये भाऊ गेला, फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा. वय अवघं तेवीस, पदरात छोटी मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. सिनेमा असता तर इथे ‘समाप्त’ची पाटी आली असती. इथे मात्र खरी गंमत सुरू झाली.

बाप्तिस्म्यानंतरची भांडणं

तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या गुरू. दोघींचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने आला. त्यात रमाबाई चक्क वाद घालताना दिसतात. चर्च सांगतं म्हणून मी का मानू? त्रैक्य म्हणजे नेमकं काय? क्रॉसवरची अक्षरं लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नकोत? इकडे पुण्यात लोक म्हणत, बाईने धर्म सोडला. तिकडे इंग्लंडमध्ये वाटे, बाई अजून पुरती आपल्यात आली नाही. दोन्हीकडून बोलणी! कामं मात्र जोरात होती. अमेरिकेचा दौरा झाला, १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तक आलं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. आत मात्र शांती नव्हती.

बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षं झाल्यावर विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. अनेक वर्षं प्रवचनं देणाऱ्या या माणसाला एके दिवशी कळलं, की आपण जे इतरांना सांगतोय ते आपल्यालाच मिळालेलं नाही. रमाबाई चमकल्या. ही तर आपलीच गोष्ट! १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी हे सरळ मांडलंय : ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता.

मग बदललं काय? तोवर अभ्यास, सत्कर्म आणि योग्य मतं जमवली की देव पास करील, असा काहीसा हिशेब होता. आता त्यांना उमगलं, की क्षमा कमवायची नसते. ती मिळालेलीच आहे, फक्त हात पुढे करायचा.

शांती म्हणजे सुट्टी नव्हे

यानंतर आयुष्य सोपं झालं म्हणता? छे! १८९३ मध्ये सदनात धर्मांतर होतं म्हणून पुण्यात वादळ उठलं. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी अनेक मुली परत नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. उपाशी राहणं म्हणजे काय, हे त्यांना नव्याने समजून घ्यायचं नव्हतं. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन वाढलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं मराठी बायबल नंतर केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं.

आपल्यासाठी काय?

तुमची श्रद्धा कोणतीही असो, दोन गोष्टी खिशात ठेवायला हरकत नाही. एक, प्रश्न पडले म्हणून श्रद्धा कच्ची ठरत नाही. रमाबाईंनी तर पत्रंच्या पत्रं भरून प्रश्न विचारले. दुसरं, डोक्याला पटणं आणि मनात उतरणं एकाच दिवशी होईल असं नाही. त्यांना आठ वर्षं लागली. तुम्हाला आठ महिन्यांत जमलं नाही, तर एवढं काय घाबरायचं?

आणि हो, मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. पुणे-दौंड मार्गावर, रेल्वेने जाता येतं. एखादा शनिवार तिथे काढून बघा.